तुझ्या प्रेशरच्या ग्राफसाठी

नाशिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवाच वाचला. 'चार्टसाठी कुठली लायब्ररी (ग्राफ काढायचा तयार कोड) घेऊ?' एवढंच विचारलं होतंस, पण काम तुझ्या गावच्या पाणीयोजनेच्या सेन्सरांवरून पाण्याचं प्रेशर आणि टाकीची पातळी दाखवायचं आहे, म्हणून निवांत बसून लिहितोय.

कांद्याच्या भावाचं आमचं ॲप तुला माहीत आहे. त्याचे पहिले ग्राफ मी डी-थ्रीमध्ये काढले होते. माइक बोस्टॉक आणि त्याच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आणलेली ही लायब्ररी मला आजही फार आवडते. पण ती तयार चार्ट देत नाही. स्केल, अक्ष, रेषेचा मार्ग असे सुटे भाग देते, जोडणी आपली आपण करायची. बोट ठेवल्यावर दिसणारी चौकट, झूम, स्क्रीन आडवी केल्यावर नव्याने मांडणी, सगळं हातानं लिहिण्यात माझे तीन महिने गेले. दोन माणसांच्या टीमला ते परवडलं नाही.

मग मी एक केलं, ते तूही कर. लायब्ररीच्या वेबसाइटवरचे देखणे नमुने बघत बसू नकोस. तुझ्या कामातला सगळ्यात अवघड ग्राफ घे आणि तोच दोन-तीन लायब्रऱ्यांमध्ये काढून बघ. बाजार समितीच्या भावात रोज तीन आकडे असतात, क्विंटलमागे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. मला किमान ते कमाल असा पट्टा हवा होता आणि त्यातून जाणारी सर्वसाधारण दराची रेघ. डी-थ्रीत ते सोपं आहे. बाकीच्या लायब्रऱ्यांपैकी हायचार्ट्समध्ये त्यासाठी चार्टचा वेगळा प्रकारच आहे. रीचार्ट्स किमान-कमाल जोडी तशीच घेतं. चार्ट-जेएसमध्ये दोन रेघांमधली जागा रंगवता येते. ईचार्ट्समध्ये मात्र खालची रेघ अदृश्य ठेवून तिच्यावर फरकाचा थर रचायचा, असा वळसा घ्यावा लागला. आम्ही चार्ट-जेएस घेतली.

तरी एक चूक माझ्याकडून झालीच. सुट्टीच्या दिवशी लिलाव नसतात, आणि त्या दिवसांच्या जागी मी शून्य भरलं होतं. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "भाऊ, रविवारी भाव एवढा कसा पडला?" त्यांनी ती रेघ खरी मानली होती. त्या रात्री मी सगळे शून्य काढून तिथे 'माहिती नाही' असं ठेवलं. आता तिथे रेघ तुटलेली दिसते. तुझ्याकडेही वीज गेली की सेन्सर गप्प होणार. प्रेशर शून्य आणि रीडिंग आलंच नाही, या दोन गोष्टी ग्राफवर वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. लायब्ररी कुठलीही असो, हे आधी तपास.

आता तुझा हिशोब. दर मिनिटाला एक रीडिंग म्हणजे दिवसाला १,४४०, तीस दिवसांत ४३,२००, वर्षाला ५,२५,६००, आणि हे एकाच सेन्सरचं. ब्राउझरमध्ये ग्राफ काढायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, एसव्हीजी आणि कॅनव्हास. एसव्हीजीमध्ये प्रत्येक आकार हा पानातला एक स्वतंत्र घटक असतो. इतके ठिपके काढायला गेलास तर लाइनमनच्या साध्या फोनवर पान हलणारही नाही. कॅनव्हास हे एकच चित्र असल्यामुळे ते इथे टिकतं. पण कॅनव्हासमधलं काहीही स्क्रीन रीडरला (अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, तेव्हा खाली आकड्यांचा तक्ता दे.

शिवाय फोनची रुंदी जेमतेम ४०० पिक्सेल. ४३,२०० बिंदू तिथे मावणारच नाहीत, वेचावे लागतील. सरासरी मात्र काढू नकोस. दोन मिनिटांसाठी प्रेशर कोसळलं, तर तासाच्या सरासरीत ते विरून जाईल, आणि तुला नेमकं तेच शोधायचं आहे. स्वेइन स्टाइनार्सन यांनी २०१३ मध्ये आइसलँड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात एलटीटीबी नावाची बिंदू वेचायची रीत मांडली. तिच्यात बिंदूंचे गट पाडतात आणि आजूबाजूच्यांशी सगळ्यात मोठा त्रिकोण करणारा बिंदू प्रत्येक गटातून ठेवतात. रेघेचा आकार सुंदर टिकतो, पण प्रत्येक खड्डा टिकेलच अशी हमी नाही. म्हणून टाकीच्या पातळीला ती चालेल, प्रेशरसाठी प्रत्येक गटातला किमान आणि कमाल असे दोन्ही बिंदू ठेव. हे सर्व्हरवरच कर, म्हणजे डेटाही कमी जाईल.

मी चार्ट-जेएस घेतली असली तरी तुला ईचार्ट्स सुचवेन. बायदू या चिनी कंपनीनं २०१३ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली, आता ती अपाची या ना-नफा संस्थेकडे आहे, आणि कंत्राटी कामातही परवान्याचे पैसे लागत नाहीत. हायचार्ट्सला व्यावसायिक वापरासाठी ते मोजावे लागतात, म्हणजे तेवढी तरतूद अंदाजपत्रकात हवी. वर्षभरातून एक दिवस पकडून आत शिरायची पट्टी ईचार्ट्समध्ये तयार मिळते, आणि कंट्रोल रूममध्ये दिवसभर तेच लागेल. फक्त लायब्ररीतले लागतील तेवढेच भाग आपल्या कोडमध्ये घे. प्लॉटली अभ्यासाला छान, पण पूर्ण घेतली तर तीन एमबीच्या पुढे जाते. फक्त वेगच हवा असेल तर यूप्लॉट पन्नास केबीच्या आसपास आहे, पण सजावट जवळजवळ सगळी तुझी तुला करावी लागेल.

मराठीचं विसरू नकोस. चार्ट-जेएसला लोकेल (भाषा-प्रदेशाचा कोड) 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, दिलं की अक्षावर थेट १२,३४,५६७ असं येतं. ईचार्ट्स हजार-हजाराचे स्वल्पविराम देते, तिथे आकडा मांडणारं फंक्शन (फॉरमॅटर) आपलं लिहावं लागतं. आणि कॅनव्हासवर लिहिण्याआधी देवनागरी फॉन्ट उतरलाय याची खात्री कर, नाहीतर पहिल्यांदा भलत्याच फॉन्टमध्ये अक्षरं उमटतात आणि तशीच राहतात.

अजून एक. लायब्ररीला प्रत्येक पानातून थेट हाक मारू नकोस, मध्ये आपलं एक फंक्शन ठेव. आम्ही ते ठेवलं नव्हतं. नवी मोठी आवृत्ती आली, अक्षांची मांडणी बदलली, आणि सतरा पानं एकेक करून दुरुस्त करावी लागली.

एका सेन्सरची महिन्याभराच्या रीडिंगची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे) पाठव, मधेच वीज गेली होती असा महिना बघून. पुढच्या रविवारी ईचार्ट्स आणि यूप्लॉट, दोन्हींत काढून तुला पाठवतो. लाइनमनकडे कुठला फोन आहे तेही कळव, मी तसाच जुना एखादा मिळवतो.

काकांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
रूम पार्टनर