उद्यमनगरच्या अण्णांना, ब्लॉक बोअर करायच्या आधी थांबवल्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही हे माहितीय, तुमचा मोबाइल फोन घ्यायला आणि इंजिनात टॉर्च मारायलाच असतो, पण नातू वाचून दाखवेल म्हणून लिहितीय. नाव टाकू नको म्हणालात, "नाव टाकलंस तर दारात लाइन लागंल आणि शेतकऱ्यांची कामं मागं पडतील", म्हणून नाव नाही, गल्ली नाही. कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर, एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझ्याकडे यामाहाची आरएक्स १०० बाइक आहे, डर्टसाठी म्हणजे मातीत पळवायला बनवलेली. मागच्या मालकाने नॉबी टायर, उंच हँडल, वर घेतलेला सायलेन्सर असं सगळं करून ठेवलेलं. ही गाडी आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली तरी अजून मातीत पळणारी पोरं ती शोधत फिरतात, कारण ९८ सीसीचं एअर कूल्ड टू स्ट्रोक इंजिन, वजन शंभर किलोच्या आसपास, आणि डोकं शांत असेल तर घरच्या पान्यांवर वरचं सगळं खोलता येतं. गगनबावड्याच्या बाजूला लाल मातीच्या वाटा आहेत तिथे ही गाडी घेऊन जायचा मला नाद आहे. आणि तिचा पिस्टन सारखा चिकटायचा, म्हणजे ज्या ब्लॉकमध्ये तो वरखाली होतो त्यातच जाम व्हायचा. एका गॅरेजला दिली, त्यांनी हाफ इंजिन केलं, म्हणजे वरचा भाग खोलून ब्लॉक बोअर केला (आतून कापून थोडा मोठा केला), पुढच्या साइझचा पिस्टन टाकला, पैसे घेतले, थोडे दिवस बरी चालली आणि घाटात परत जाम. परत तेच गॅरेज, परत पुढची साइझ. ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात पाव मिलीमीटरच्या टप्प्याने, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००, त्याच्यापुढे ब्लॉक संपला, मग नवा लाइनर (ब्लॉकच्या आतली नळी) नाहीतर दुसरा ब्लॉक शोधा. म्हणजे प्रत्येक वेळी गाडीचं थोडं थोडं आयुष्यच लेथवर खरडून टाकत होते आणि का चिकटतोय हे एकानेही विचारलं नाही.

तुमच्याकडे मी फक्त बोअर करायला आले होते अण्णा. ब्लॉक पिशवीत, सोबत पिस्टन. तुम्ही ब्लॉककडे बघितलंच नाहीत, पिस्टन हातात घेऊन उजेडाला गेलात, नखाने ओरखडे चाचपले आणि विचारलंत, "प्लग कुठाय?" प्लग घरी. "जा घिऊन ये." मला राग आलेला, खरं सांगते. भर उन्हात परत घरी जाऊन प्लग आणला तर तुम्ही दोन सेकंद बघितलात, पांढराफटक, आणि म्हणालात की गाडीला हवा जास्त जातीय. मग मला शेजारी स्टुलावर बसवून पिस्टन वाचायला शिकवलंत. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ आहे नाहीतर गरमी जास्त आहे. इनटेकच्या बाजूला बारीक उभ्या रेघा आणि झिजलेला स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) असेल तर फिल्टरमधून धूळ गेलीय. चारी बाजूला ठरावीक चार ठिकाणी घासलं असेल तर इंजिन गरम व्हायच्या आधीच पिळलंय किंवा क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि ब्लॉकमधली फट, कमी ठेवलाय. माझा सगळा मार एक्झॉस्टकडे. मग तुम्ही विचारलंत, थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली बसतं का, का घोंघावत राहतं. घोंघावत राहायचं! मला वाटायचं केबल अडकतीय, गॅरेजवाल्यांनी पण केबलच बदललेली.

टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा, ऑइल सगळं आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, येतं आणि तिथून वर जातं, म्हणून क्रँककेस हवाबंद पाहिजे. क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांना दोन ऑइल सील, म्हणजे रबरी कड्या, असतात. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, धूर होतो, ऑइल कमी होत जातं, कुणालाही दिसतं. मॅग्नेटच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं तर नुसती हवा ओढली जाते, काही दिसत नाही, काही गळत नाही, फक्त मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि त्याच्यातून येणारं ऑइल पण कमी, आणि चढावर फुल थ्रॉटलला पिस्टन भाजतो. एवढं साधं. हे कळल्यावर मी म्हणलं बरं मग सील पण बदला आणि बोअर पण करा, तर तुम्ही ब्लॉक परत पिशवीत घातलात. "सील गेलंय असं मी म्हणतोय. तू बघितलंस का? आधी बघ, मग बोअर."

या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

इंजिनात हवा भरून गळती बघायचा टेस्टर बाजारात मिळतो पण तुम्ही म्हणालात घरी कुणाचं बीपीचं जुनं मशीन आहे का. आजीचं होतं, डिजिटल घेतल्यापासून माळ्यावर पडलेलं, घड्याळासारखा काटा आणि रबरी फुगा. या इंजिनाला पाच-सहा पीएसआयच दाब द्यायचा असतो, आणि बीपीच्या काट्यावरचे ३०० म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय, इतकं बरोब्बर जुळतं की मला अजून मजा वाटते. तुम्ही एका जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं फोडून काढलंत, त्यात पितळी नळी ब्रेझ करून दिलीत, पैसे विचारले तर हाताने उडवून लावलंत. घरी गॅलरीत इंजिन जुन्याच पिस्टनवर परत जोडलं, कार्बोरेटर काढून त्या तोंडात रबरी बूच, सायलेन्सरच्या जागी ट्यूबचा तुकडा आणि वर पट्टी, मॅग्नेट आणि प्लेट काढलेली, पिस्टन अगदी खाली म्हणजे सगळे पोर्ट (ब्लॉकमधली भोकं) उघडे. फुगा दाबून काटा २५० च्या वर नेला आणि तो डोळ्यांदेखत खाली यायला लागला. मग साबणाचं पाणी ब्रशने एकेका जॉइंटवर लावत गेले. हेडला काही नाही, ब्लॉकखालच्या बेस पॅकिंगला काही नाही, मॅग्नेटच्या सीलवर ब्रश टेकवला आणि बुडबुड्यांचा फेसच! आजी बघत होती, म्हणाली माझं बीपी कधी एवढं पटकन उतरलं नाही. सील किती स्वस्त असतं ते लिहीत नाही, गॅरेजला दिलेले पैसे आठवून त्रास होतो.

नवीन सील बसवल्यावर काटा हलेना तेव्हा मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही फक्त म्हणालात, आता पिस्टन घेऊन ये. पिस्टन आधी, बोअर नंतर, हा तुमचा नियम. कारण डब्यावर ०.७५ लिहिलेले दोन पिस्टन पण सारखे नसतात, पिस्टन मायक्रोमीटरने खाली स्कर्टला, पिनच्या आडव्या बाजूने मोजायचा आणि त्याच्यावर दीड-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सोडून ब्लॉक कापायचा. माप मला घ्यायला लावलंत, माझं आणि तुमचं जुळेपर्यंत मशीन चालू केलं नाहीत. होनिंगच्या, म्हणजे ब्लॉक आतून दगडाने घासल्यावरच्या, तिरप्या जाळीदार रेघा कशासाठी, तर ऑइल धरून ठेवायला, ते पण दाखवलंत. आणि ज्या कामाला बरेच जण फाटा देतात ते, बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात त्या बारीक दगडाने हाताने मारणं, नाहीतर रिंग त्या कडेला अडकून तुटते. अर्धा तास तुम्ही त्या कडाच मारत बसला होतात, चहा निवून गेला. एवढं केल्यावर वाटलं आता जोडून पण देतील. कुठलं काय. "घरी बांध. मी फोनवर हाय."

तर अण्णा, घरी बांधलं. ब्लॉक पेट्रोलने नाही, गरम पाणी आणि आईच्या कपड्याच्या पावडरीने धुतला, तेलाचं पांढरं फडकं फिरवून ते काळं निघायचं थांबेपर्यंत (बाथरूमवरून झालेली भांडणं वेगळी). रिंग आधी ब्लॉकमध्ये सरकवून पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने गॅप बघितला, ५० मिलीमीटरच्या बोअरला साधारण ०.२ पाहिजे, तेवढाच होता. क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबूनच सर्क्लिप (पिस्टनची पिन अडकवून ठेवणारी तारेची क्लिप) लावली, कारण ती उडाली की थेट आत जाते आणि मग फुल इंजिन खोला. जुनी सर्क्लिप परत वापरली नाही. बाण एक्झॉस्टकडे, रिंगची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनांवर, हेडचे नट तिरपे-तिरपे थोडे थोडे. इथे सगळं सांगून होतं पण ब्लॉक रिंगवरून खाली सरकताना बोटांना जो मऊपणा लागला पाहिजे तो कुठल्या व्हिडिओत कळत नाही, तुम्ही फोनवर "जोर लागतोय का? लागत आसंल तर थांब" म्हणत होतात म्हणून कळला. मग चालू करून गरम होऊ द्यायची, बंद करून पूर्ण गार, असं करत करत, आणि गार झाल्यावर हेडचे नट परत बघायचे.

तेव्हापासून चिकटली नाही. फिल्टरचा फोम धुळीच्या प्रत्येक राइडनंतर रॉकेलच्या बदल्यात आता डिझेलने धुते, मग साबण, वाळवून फिल्टर ऑइल. मागच्या मालकाने ऑइल पंप काढलाय म्हणून लिटरला २५ मिली टू टी ऑइल मी मोजूनच घालते, पेट्रोल पंपावर अंदाजाने ओततात तसं नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, त्याने मिश्रण अजून पातळ होतं म्हणून तुमच्या सांगण्यावरून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर वाढवला आणि प्लग आता चॉकलेटी येतोय. इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करायची असली की कॉक बंद करून कार्बोरेटरचा बाउल रिकामा करून ठेवते.

एक तक्रार पण करते. तुमच्यामुळे माझे रविवार गेले. आजीचा बीपीचा फुगा सध्या जयसिंगपूरला आहे, त्याच्या आधी इचलकरंजीत होता, कुणाची सुझुकी शोगन, कुणाची शाओलीन, सगळ्यांना तपासून पाहिजे. मी पण आता पहिला प्रश्न विचारते, प्लग कुठाय, आणि पोरं तसंच तोंड करतात जसं मी केलं होतं. त्यातल्या दोघांचे ब्लॉक बोअर न करताच वाचले, एकाचा इनटेकचा रबर चिरलेला निघाला, दुसऱ्याचा बेस पॅकिंगचा लीक. तुमचं तेवढ्या बोअरचं गिऱ्हाईक मी तोडलं असं म्हणा हवं तर, पण तुम्हीच शिकवलंय.

तुम्ही शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसवलात, आयुष्यभर विहिरीवरची इंजिनं चालू ठेवलीत, आणि माझ्यासारख्या हौशीला पण त्याच गांभीर्याने वेळ दिलात. मुलगी इंजिन घेऊन आलीय याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही, बाकी ठिकाणी "घरात कुणी मोठं नाही का" इथून सुरुवात होते. मनापासून आभार अण्णा. पैसे तुम्ही फक्त बोअरचे घेतलेत, बाकीचं मी कसं फेडायचं ते बघतेच, काकूंना विचारून ठेवलंय तुम्हाला काय आवडतं.

आणि हो, मैत्रिणीच्या आरएक्स १३५ चा ब्लॉक घेऊन शनिवारी येतीय. दाब तपासलाय, काटा हलत नाही. रेघा इनटेकला आहेत, फिल्टर फाटलेला होता, तो बदललाय. पिस्टन सोबत आणतीय, प्लग पण. सकाळी दहाला असाल ना?

तुमची,
फुगेवाली