पैलवानाचं पिल्लू

प्रिय सुन्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. उत्तर न देण्याचं कारण वेगळंच आहे आणि ते तुलाच कळेल.

नागपूरला जाताना तू पैलवान आणि राणीला माझ्या परसात सोडून गेलास. दर फोनला छोटी विचारायची, "काका, बदकं कशी आहेत?" मी म्हणायचो, मजेत. खरं सांगतो, पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांशी भांडणं झाली आणि एका पहाटे मी दोघांना टोपलीत घालून रंकाळ्यात सोडून आलो. राणीला त्याच हिवाळ्यात कुत्र्यांनी नेलं. पैलवान आहे. फाटकात अडकून डाव्या पायाच्या पडद्याला पडलेली खाच अजून दिसते, शेपटीवरची कुरळी पिसंही तशीच.

तेवढंच असतं तरी गप्प बसलो असतो. ऑगस्टमध्ये हळदी-कुंकू या रानबदकाची एक मादी जलपर्णीतून सात पिल्लं घेऊन बाहेर पडली. (हो, हळदी-कुंकूच. कळंबा तलावावर थापट्या बदकाला हळदी-कुंकू म्हणालो तेव्हा चारचौघांत हसला होतास, ते मी विसरलेलो नाही.) आता तीन उरलीत. त्यातल्या एकाच्या छातीवर लाळेरं बांधल्यासारखा पांढरा डाग आहे. चोचीच्या टोकाला हळद आली, पण मुळाशी कुंकवाचे ठिपके नाहीत. उशिरा उमटतात म्हणून वाट पाहिली. भावंडांना उमटले, याला नाही.

दिवेलागणीला सगळा थवा शेतांकडे चरायला निघतो. भावंडं पाण्यावरून सरळ वर उठतात. हे थपथप पाय आपटत धावतं, हातभर उठतं आणि पोटावर आदळतं. मग मान ताणून थवा गेला त्या दिशेला बघत राहतं. काल तीनदा धावलं. शेवटी पायऱ्यांशी आलं, पैलवान लोकांनी टाकलेले चिरमुरे वेचत होता तिथे.

ते बघून घरी आलो आणि जेवण गेलं नाही. आपली पाळीव बदकं मूळची मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली, हळदी-कुंकू त्यांच्या जवळच्या नात्यातलं. त्यामुळे संकर होतो, आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. न्यूझीलंडमध्ये १९ व्या शतकात माणसांनी मॅलार्ड नेऊन सोडली, आता तिथलं मूळचं राखी बदक निर्भेळ सापडणं अवघड झालंय. रंकाळ्यात एकटा पैलवान आहे, मान्य. पण त्याला सोडलं मीच ना! तू तेव्हा म्हणालाच होतास, "जमलं नाही तर मला कळव, पाण्यात सोडू नकोस." त्यावर मी फोन आपटला होता.

पैलवानाला परत आणायचं ठरवलंय. पिल्लाचं काय करू? आईच्या बाजूने ते रानातलं, घरात कोंडायचं मन होत नाही. आणि थव्यामागे रोज असं आपटताना बघवतही नाही.

घराचं कर्ज फिटलं का? छोटीच्या दहावीचा अभ्यास कसा चाललाय? वहिनींना नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत ये. पैलवान मला जवळ येऊ देत नाही, तुझ्या शिट्टीला अजून येईल असं वाटतं. टोपली ठेवलीय जपून. छोटीला काय सांगायचं ते तू ठरव, किंवा तिलाही घेऊन ये, मीच सांगतो.

तुझा,
दिग्या