ओमच्या बालवाडीतला एक दिवस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

ओमला या बालवाडीतून काढून, लहान गटापासूनच वहीत लिहून घेणाऱ्या शाळेत घालावे, असे तुझ्या मनात आहे. निर्णय तुझा आणि जावईबापूंचा. मात्र काल आजी-आजोबांना वर्गात बसायची मुभा होती आणि मी सकाळपासून मुले घरी जाईपर्यंत तिथे होते, म्हणून जे पाहिले ते सविस्तर लिहिते.

हजेरीला ताई नावे पुकारत नाहीत. दाराजवळ प्रत्येकाच्या नावाची आणि चित्राची पट्टी टांगलेली असते. मूल आले की आपली पट्टी ‘घरी’ या बाजूची काढून ‘शाळेत’ या बाजूला लावते. मग गोलात बसून आज कोण आले, कोण राहिले, हे मुलेच पट्ट्या मोजून सांगतात. स्वतःचे नाव ओळखणे, मोजणे आणि आलेल्यांतून न आलेले वेगळे काढणे, इतके सगळे त्या पाच-सात मिनिटांत होऊन जाते.

नंतर ओमच्या गटापुढे सात चिंचोके आले. त्याचे तोंड बोटाच्या पुढे धावत होते, त्यामुळे सातव्या चिंचोक्यावर तो ‘दहा’ म्हणाला. ताईंनी त्याला ‘चुकले’ म्हटले नाही. त्यांनी सात वाट्या मांडल्या आणि एकेका वाटीत एकेक चिंचोका टाकत मोजायला सांगितले. या वेळी प्रत्येक आकड्याला चिंचोका पडल्याचा आवाज झाला आणि तो बरोबर सातावर थांबला. मग ताईंनी तेच चिंचोके सतरंजीवर दूरदूर पसरले, तेव्हा तो ठामपणे म्हणाला की आता ते जास्त झाले! या वयाची मुले असेच समजतात. वस्तू पसरल्याने संख्या वाढत नाही, हे त्यांना सांगून पटत नाही, पुनःपुन्हा हाताळूनच कळते. शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला हे उमगलेले असतेच असे नाही, म्हणून मला त्या पाठांतराचे फारसे अप्रूप वाटत नाही.

अक्षरांची तुला सर्वांत जास्त काळजी आहे, तर त्याचे सांगते. ताई ‘माठ’ म्हणाल्या आणि मुलांनी ‘मा’ने सुरू होणारे शब्द आणायचे होते. माकड, माळ, मासा झाले. ओमने ‘मामा’ सांगितले आणि लगेच ‘मावशी’ही जोडली. शब्दाच्या सुरुवातीचा आवाज कानाने वेगळा काढता आला, की पुढे त्या आवाजाची खूण म्हणून अक्षर दाखवणे सोपे जाते. लिहिण्याची तयारीही चालू आहे, फक्त ती पेन्सिलीने नाही. मणी ओवताना ओम अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत मणी धरत होता, आणि पेन्सिल याच तीन बोटांनी धरायची असते. मनगटाची आठही हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि ती पक्की होत जायला दहा-बारा वर्षे लागतात. त्या नाजूक हाताकडून पानेच्या पाने गिरवून घेण्यापेक्षा मातीचे गोळे वळणे, वाळूत बोटाने रेघा ओढणे, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी न सांडता ओतणे हे मला अधिक योग्य वाटते.

हे माझ्या एकटीचे मत नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि तिथे व नंतर कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले घेऊन खेड्यातल्या व आदिवासी मुलांना शिकवले. काल अंगणात तेच चालले होते. मुलांनी गळलेली पाने गोळा करून त्यांचे ढीग लावले; बहुतेकांनी लहान-मोठी असे केले, पण ओमने कडुनिंबाची पाने बाजूला काढून त्यांच्या कडा ‘करवतीसारख्या’ आहेत असे सांगितले. ते त्याला कोणी सुचवलेले नव्हते, आणि मला फार आनंद झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ हा सगळा काळ एकच पायाभूत स्तर मानून खेळ आणि कृती यांवरच भर दिला आहे.

एक उणीव मात्र जाणवली. पटाच्या मानाने वर्गात मोठी माणसे कमी आहेत, त्यामुळे गोष्ट घाईत उरकली आणि मुलांचे प्रश्न तसेच राहिले. ती कसर तू घरी भरून काढ. रात्री एकच गोष्ट निवांत सांग आणि मध्येच थांबून त्याला पुढचे विचार. स्वयंपाक करताना त्याला मटार सोलायला आणि कणकेचे गोळे करायला बसव.

जून जवळ येत आहे, प्रवेशाचे लवकर ठरवावे लागेल. त्याआधी एक दिवस रजा काढून तूही वर्गात बस. ताईंशी मी बोलून ठेवले आहे, आदल्या दिवशी त्यांना फक्त कळवायचे.

तुझी,
आई