ऑटिझम असलेल्यांच्या नैराश्यावरील औषधांबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ऑटिझम असलेल्या रुग्णांना नैराश्यावरची औषधे देताना घ्यायच्या काळजीबाबत परिपत्रक काढणे.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. मोठा आहे, नोकरी करतो, नीट बोलतो. मध्यंतरी त्याचं जेवण तुटलं, कामावर जाणं बंद झालं. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं आणि ते बरोबरच होतं. एस्सिटालोप्रॅमची 10 मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. आठवड्याच्या आत तो रात्रभर हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या घालायला लागला. हात झटकणं वाढलं, पंख्याचा आवाजही सोसेना.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "ठीक." फेऱ्यांचं मी सांगितलं, तर आजार जोर करतोय म्हणून डोस दुप्पट झाला. त्या रात्री तो म्हणाला, "ताई, मी बसलोय, पण पाय आतून पळतायत."

आपल्याला काय होतंय ते शब्दांत सांगणं ऑटिझम असलेल्या अनेकांना जड जातं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी "कसं वाटतंय" विचारलंच नाही. किती वाजता झोपलास, किती वेळा उठलास, खुर्चीत सलग बसवतं का, असं विचारलं. त्याने घडाघडा सांगितलं. ही अस्वस्थता औषधाचीच, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. डोस हळूहळू उतरवला आणि काही काळाने तेच औषध 5 मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीपासून पुन्हा सुरू केलं. आज तो कामावर जातो. म्हणून माझी तक्रार औषधाविरुद्ध नाही. (हे वाचून कुणी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड असा वेगळाच ताप होतो.)

हा एका घरचा अनुभव म्हणून सोडून देता येईल, पण अभ्यासही तेच सुचवतात. 2009 साली अमेरिकेत 5 ते 17 वयाच्या 149 ऑटिस्टिक मुलांवर सिटालोप्रॅमची, म्हणजे एस्सिटालोप्रॅमच्या सख्ख्या भावंडाची, चाचणी झाली. 12 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी 32.9 टक्के मुलं सुधारली आणि नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी 34.2 टक्के. उलट औषधाच्या गटात झोप उडणं, उतावळेपणा, अंगात अवाजवी जोर येणं आणि त्याच त्या हालचाली करणं जास्त दिसलं. ही चाचणी पुनरावृत्तीच्या वागण्यावर होती, नैराश्यावर नव्हे. त्यामुळे नैराश्यात या गोळ्या निकामी ठरतात असा अर्थ काढणं चूक होईल. पण नेहमीचा डोस या मंडळींना झेपेलच असं गृहीत धरू नये, एवढं त्यातून नक्की निघतं. मोठ्यांवरचा पुरावा तर फारच तोकडा आहे. या गोळ्या सेरोटोनिन नावाच्या शरीरातल्या रसायनावर काम करतात, आणि ऑटिझममध्ये त्याचं काहीतरी वेगळं असतं ही शंका 1961 पासूनची. साधारण चौथाई ऑटिस्टिक लोकांच्या रक्तात ते जास्त सापडतं. मात्र त्यावरून कुणाला किती डोस द्यावा, हे आजही सांगता येत नाही. मग सावकाश जाणं हाच शहाणपणा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, पण तो 18 व्या वर्षी संपतो. ऑटिझम संपत नाही, आणि नैराश्य तर त्यानंतरही गाठतं. तेव्हा हा माणूस जिल्हा रुग्णालयाच्या गर्दीच्या मानसोपचार ओपीडीत उभा असतो. केसपेपरवर ऑटिझमचा उल्लेख असतोच असं नाही. मुली आणि बायकांच्या बाबतीत तर अनेकदा निदानच झालेलं नसतं.

म्हणून मागणी एका पानाच्या परिपत्रकाची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांना ते जावं. नैराश्यावरचं औषध लिहिण्याआधी ऑटिझमबद्दल विचारावं. सुरुवात नेहमीपेक्षा कमी डोसने व्हावी, वाढ सावकाश. पहिल्या आठवड्यात घरी एक फोन जावा. येरझाऱ्या, निद्रानाश, हात झटकणं वाढलं, तर डोस वाढवण्याआधी औषधाचा संशय घ्यावा. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी बोलवावं. 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचे फोन घेणाऱ्यांनाही हे शिकवलेलं असावं.

आणखी एक. औषधांचे दुष्परिणाम कळवायला 1800-180-3024 हा देशपातळीवरचा क्रमांक आहे, पण ओपीडीत तो आम्हाला कुणी सांगितला नाही. तो मराठीत, दिसेल असा लावावा. नोंद करताना रुग्णाला ऑटिझम असल्याचं आवर्जून लिहायला सांगावं, म्हणजे निदान चार वर्षांनी तरी आपल्याच राज्यातली माहिती आपल्या हाती असेल.

परिपत्रक निघाल्यास त्याची प्रत आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर टाकावी, ही विनंती. आम्ही ती छापून डॉक्टरांपुढे ठेवू.

आपली नम्र,
एका ऑटिस्टिक तरुणाची बहीण