पेटीवाल्या बुवांना, बासच्या रांगेतून

बुवा,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत. नाताळनंतर पेढे घेऊन दुकानात आलो, तर "आधी त्यो भाता धर" म्हणून कामाला लावलंत. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

दीड वर्षापूर्वी चर्चची पेटी दुरुस्तीला घेऊन मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तुमच्याकडे पहिल्यांदा आलो. भाता फाटला होता, दोन सूर बसले होते. काम करता करता तुम्ही सहज विचारलंत, "गातोस काय?" आणि घरीही ज्याविषयी बोललो नव्हतो ते मी तुम्हाला सांगून टाकलं.

आदल्या नाताळात आमच्या क्वायरने, म्हणजे चर्चच्या गायकमंडळाने, हॅण्डेल या संगीतकाराच्या 'मसाया' या मोठ्या रचनेतला 'हालेलुया' कोरस म्हटला होता. त्यात वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार आवाज, आणि मी सगळ्यात खालच्या बासमध्ये. शेवटी सगळे एकदम थांबतात, क्षणभर पूर्ण शांतता होते आणि मग तो शेवटचा संथ हालेलुया येतो. त्या शांततेत मी एकटाच मोठ्यांदा सुरू झालो. नंतर तीन महिने सरावाकडे फिरकलो नाही.

आमच्याकडे लहानपणापासून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. पेटी, टाळ, एकच चाल आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज. कान तसाच घडलेला. चार आवाजांच्या गाण्यात तो सारखा वरच्या चालीकडे धावतो. 'हालेलुया'तल्या 'किंग ऑफ किंग्ज'ला सोप्रानो एकच सूर लांब धरतात, मग एक पायरी वर, पुन्हा एक पायरी वर. आम्ही खाली 'फॉर एव्हर अँड एव्हर' तुकड्यातुकड्यांनी म्हणायचं. दर पायरीला मी त्यांच्यामागे ओढला जायचो. सूर सुटला की मात्राही सुटायच्या, आणि मग थांबायचं कुठं हेच कळायचं नाही.

"पट्टी कंची?" तुम्ही विचारलंत. डी मेजर म्हटल्यावर तुम्ही पांढरी दोन दाबून धरलीत. "ह्यो तुझा सा. म्हण." मी सा लावला, आणि तुम्ही त्याच्यावर उजव्या हाताने भलताच अभंग वाजवायला लागलात. दुसऱ्या ओळीला माझा सा घसरला. तुम्ही हात उचलला नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिलात. त्या संध्याकाळी किती वेळा घसरलो ते मोजलं नाही, पण तुमचं वाक्य तेवढं लक्षात आहे: "कान गावभर फिरू दे, पर पाय हलवू नगंस."

आषाढीला तुम्ही मला कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या दिंडीत नेलंत आणि टाळकऱ्यांत न घालता वीणेकऱ्याशेजारी चालायला लावलंत. पुईखडीच्या चढावर पखवाज तापला, टाळ चढले, माणसं वर वर गायला लागली. वीणा मात्र होती तिथंच. मी तिच्याबरोबर खर्जात गुणगुणत राहिलो आणि पहिल्यांदाच बाकीचे सगळे आवाज वेगवेगळे ऐकू आले. ते ऐकायला मला माझा सूर सोडावा लागला नाही. पाऊस होता म्हणून बरं, डोळे पुसायची गरज पडली नाही.

मग नाताळात तुम्ही चर्चमध्ये आलात, शेवटच्या बाकावर बसलात. 'हालेलुया'ला सगळे उभे राहिले तसे तुम्हीही उभे राहिलात. 'अँड ही शॅल रेन' ही ओळ पहिल्यांदा बास एकटे उचलतात. माझ्या गुडघ्यात कंप होता, पण आवाजात नव्हता. सोप्रानो पायऱ्या चढत गेल्या, मी खालीच राहिलो. मग ती शांतता आली. ती एवढी मोठी असते हे मला माहीतच नव्हतं.

बाहेर तुम्ही गाणाऱ्याबद्दल नाही, गाणं रचणाऱ्याबद्दल विचारलंत. मी सांगितलं की १७४१ मध्ये हॅण्डेलने हा सगळा 'मसाया' चोवीस दिवसांत लिहिला, आणि १७४२ मध्ये डब्लिनला तो पहिल्यांदा सादर झाला तेव्हा मिळालेल्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या माणसांना सोडवलं. तुम्ही थबकलात. म्हणालात, "तुकोबांनी गहाणखतं इंद्रायणीत टाकली." पुढं काही बोलला नाहीत. टोपी नीट केलीत आणि बसस्टॉपकडं निघालात. हॅण्डेलबद्दल मी बरंच वाचलंय, पण त्याला इतक्या जवळ आणून बसवलेलं कुणाकडून ऐकलं नव्हतं.

बुवा, तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त भात्याचे. शिकवण्याचं नाव काढलं की विषय बदलता. पण माझ्या गळ्यात सा बसवलात तो तुम्ही, आणि तो आता रोज सकाळी पेटीशिवायसुद्धा लागतो. त्याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

गुड फ्रायडेला आम्ही टिळकांची भजनं म्हणणार आहोत. पखवाजाला माणूस नाही. तुमच्या मंडळातलं कुणी येईल का, ते विचारायला शनिवारी येतो. पेटीही आणतो, काळी चारचा सूर पुन्हा बसलाय.

तुमचा,
बासमधला