दोन्हीकडे मान मामाचाच

महोदय,

माझ्या भाचीचं लग्न गुजराती मुलाशी ठरलं आहे. आमच्याकडे मामा नवरीला पिवळी अष्टपुत्री साडी देतो. त्यांच्याकडे पानेतर ही पांढरी, लाल काठांची लग्नाची साडीही मामाच देतो आणि घरचोळं ही दुसरी साडी सासरहून येते. हे कळलं तेव्हा मला भरून आलं. दादरच्या एका दुकानात मात्र पहिला प्रश्न, "लग्न मराठी की गुजराती?" दोन्ही म्हटल्यावर त्यांनी फक्त पिवळ्या साड्या काढल्या. पानेतर भुलेश्वरला मिळालं. आईला पांढरा रंग खटकत होता, पण काठ पाहून तिनेच पदर भाचीच्या खांद्यावर टाकला. गौरीहराला अष्टपुत्री, फेऱ्यांना पानेतर. मुंडावळ्या दोन्ही वेळा. मुंबईतल्या दुकानदारांनी अशा साड्या शेजारी मांडून दाखवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक मामा, गिरगाव