धातू मोजता, मग बुरशी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाणी व कारखान्यांच्या सांडपाण्यातून ओढ्यांत मिसळणाऱ्या धातूंविषयी जे काही छापून येते, ते बहुधा पिण्याचे पाणी आणि मेलेले मासे यांच्यापलीकडे जात नाही. ज्या जीवांवर ओढ्याचा सारा संसार चालतो, त्या पाण्यातील बुरशीचे नावही त्यात नसते, म्हणून हे पत्र.

दाट झाडीतून वाहणाऱ्या लहान ओढ्यांत ऊन कमी पोहोचते, त्यामुळे तेथील अन्नसाखळी शेवाळापेक्षा काठावरून पडणाऱ्या पाचोळ्यावर अधिक अवलंबून असते. पण नुसते वाळके पान कीटकांच्या अळ्यांना नीट पचत नाही. बुरशीचे तंतू पानात शिरून आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ते मऊ करतात, त्याचा कस वाढवतात आणि मगच अळ्या त्याकडे वळतात. कोरे पान आणि बुरशी धरलेले पान शेजारी ठेवले तर त्या सहसा दुसरे निवडतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी 1942 मध्ये या बुरशींचे सविस्तर वर्णन केले. ओढ्यातील फेसाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सराट्याच्या काट्यासारखे चहूकडे हात पसरलेले त्यांचे बीजाणू दिसतात. या आकारामुळेच ते वाहत्या पाण्यातही पानाला अडकून राहतात.

तांबे आणि जस्त अत्यल्प प्रमाणात बुरशीलाही लागतात, कॅडमियम मात्र तिला नुसतेच विष. तांबे जास्त झाले की ते बुरशीला मारते, हे नव्याने सांगायला नको. 1885 पासून पिकांवर फवारले जाणारे मोरचूद (तांब्याचा क्षार) व चुन्याचे बोर्डो मिश्रण त्याच गुणावर चालते. तेच तांबे ओढ्यात उतरल्यावर तेथील उपयुक्त बुरशीला सोडेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

हा परिणाम सहजी डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. सर्वसाधारणपणे आधी बीजाणूंची निर्मिती घटते, मग जातींची संख्या रोडावते, आणि पाने कुजण्याचा वेग बऱ्याचदा सर्वांत शेवटी मंदावतो, कारण नाजूक जातींची जागा धातू सोसणाऱ्या मोजक्या जाती घेतात. जर्मनीतील मान्सफेल्ड भागात शतकानुशतके तांब्याचे खाणकाम चालले व ते 1990 मध्ये थांबले. तेथील धातूयुक्त पाण्यातही ‘हेलिस्कस लुग्डुनेन्सिस’सारखी बुरशी जगताना आढळली आहे. काही धातू पेशीभित्तिकेवरच अडवायचा आणि आत शिरलेला पेशीतल्याच ग्लुटाथायोनसारख्या रेणूंनी बांधून ठेवायचा, असे तिचे बचावाचे मार्ग आहेत. मात्र अशा चिवट जाती तगल्या म्हणून ओढा धडधाकट आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक करून घेणे होय. शिवाय पानावर व बुरशीत साठलेला धातू ते पान खाणाऱ्या अळीच्या पोटात जातो, तो वेगळाच.

पाण्याचा नमुना घेतला त्या दिवशी धातूचे प्रमाण मर्यादेत भरले, एवढ्यावर अहवाल लिहून मोकळे होणे म्हणूनच अपुरे आहे. पाण्याचा कठीणपणा आणि आम्लता बदलली की तेवढ्याच धातूचा विषारीपणाही बदलतो. आकड्यात ते दिसत नाही, जीवांत दिसते. बीजाणूंची मोजणी फारशी खर्चिकही नाही. पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचे, गाळणीवर उरलेले बीजाणू रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जातवार मोजायचे. त्यासाठी जाती ओळखणारी सरावलेली नजर लागते खरी, पण ती प्रशिक्षणाने तयार करता येते. सांडपाणी मिसळते त्या जागेच्या वर आणि खाली असे दोन्हीकडचे नमुने पानगळीच्या हंगामात घेतले, तर फरक कळू शकेल. प्रदूषण तपासणाऱ्या यंत्रणांनी ही मोजणी नेहमीच्या तपासणीत घ्यावी आणि त्यातून बंद पडलेल्या खाणींखालचे ओढेही वगळू नयेत, कारण धातू कुजून नाहीसा होत नाही आणि खाणीच्या राडारोड्यातून तो पुढे वर्षानुवर्षे झिरपत राहतो.

आपला,
एक वाचक